प्रत्येकी दोन ओळी

क्लबाच्या सेक्रेटरीनं सांगितलं,
पत्रकात छापायला प्रत्येकाची सांगीतिक पार्श्वभूमी हवी,
प्रत्येकी दोन ओळी, शुक्रवारच्या आत.
काम माझ्या गळ्यात पडलं,
कारण बास वाजवणाऱ्याला तसंही कुणी ऐकत नाही
आणि व्हॅन माझीच आहे.

तर, अर्नी हॉब्सन, ट्रॉम्बोन.
आठव्या वर्षी खाणीच्या बँडमध्ये,
वाद्य त्याच्यापेक्षा लांब.
खाण बंद झाली त्या सकाळी
फाटकापर्यंत वाजवत गेले सगळे.
मार्च होता, ओठ बधिर.
शेवटून तिसरा सूर सटकला.
कुणाच्या लक्षातही आलं नसेल.
अर्नी अजून तो दुरुस्त करतोय,
दर शनिवारी, सोलच्या गाण्यांत.
(दोन ओळींच्या दहा झाल्या. कापायला हव्यात.)

मॉरीन क्लेग, ऑर्गन. नोकरी: विद्युतदाहिनी.
दिवसाला पाच निरोप, वीस-वीस मिनिटांचे.
पडदा सरकायला लागला की
कुठल्याही सुरावरून घरी कसं यायचं,
हे तिच्या बोटांना पाठ आहे.
म्हणून आमचं एकही गाणं रेंगाळत नाही.
लोक म्हणतात, काय शेवट करता तुम्ही!
आम्ही मॉरीनकडे बघत नाही.

इबरार म्हणाला, माझी पार्श्वभूमी लिही: टोयोटा.
मामाच्या टॅक्सीत, ब्रॅडफर्ड स्टेशनबाहेर,
भाडं येईपर्यंत डॅशबोर्डवर दोन बोटं.
पावसात वायपर लावायचा तालाला.
मीरपूरच्या लग्नांतला ढोल त्यानं नंतर ऐकला,
म्हणाला, अरे, हा तर आपलाच वायपर.

स्टीव्हन ओल्डरॉइडकडून उत्तर आलेलं नाही.
गिटारही तो असाच वाजवतो,
सगळे पोचल्यावर, दार लोटून, हळूच.
तो उशीर काढून घेतला
तर आमच्याकडे नुसतं वेळापत्रक उरेल.

डेलरोझ टॅपर. गाते, काळी पाचात, कधी त्याच्याही वर.
बाप पाद्री, हडर्सफील्डच्या मागच्या गल्लीत
पत्र्याच्या छपराचं चर्च, खंजिऱ्या, घाम, रविवार.
सतराव्या वर्षी तिनं चाल तीच ठेवली,
टाळ्याही त्याच,
फक्त प्रभूच्या जागी एका मुलाचं नाव घातलं.
बाप एका शब्दानं बोलला नाही.
पुढच्या रविवारी गायकांच्या रांगेतून
तिची खुर्ची उचलून तळघरात ठेवली.
बाकीच्या सरकवल्या नाहीत.
अकरा वर्षं तिथं एक खाच होती
आणि दोन्ही बाजूंच्या बायका
तिच्यावरून एकमेकींना हात द्यायच्या.

राहिलो मी.
चर्च नाही, बँड नाही, मास्तर नाही.
आई लोकरीच्या गिरणीत. धोट्यांनी तिचे कान नेले,
माझ्या जन्माआधीच.
ओठ वाचायची. गाणं ओठांवर वाचता येतं,
पण मग ते गाणं नसतं, निरोप असतो.
तेराव्या वर्षी कुणाचा तरी जुना बास घरी आणला,
ॲम्प्लिफायर कपाटाला टेकवला.
भांडी घासता घासता ती थांबली.
ओल्या हातानंच आली, तळवा
कपाटाच्या दारावर ठेवला,
आणि मी थांबलो की दारावर थाप मारायची,
पुढं, पुढं.
सर्वांत जाड तार तेवढी पोचायची तिला.
बाकीच्या तीन मी बऱ्याच उशिरा शिकलो.

पत्रकात लिहिलं: बास, स्वयंशिक्षित.

शेवटी जागा कमी पडली म्हणे.
नुसती नावं छापली, त्यातही अर्नीचं चुकीचं.
बिंगोची वेळ मात्र ठळक अक्षरांत.

रात्री व्हॅनमध्ये सामान चढवताना
डेलरोझ म्हणाली, काय लिहिलं होतंस माझ्याबद्दल?
म्हटलं, कापून कापून एक शब्द उरला. चर्च.
तिनं माइकची वायर कोपरावर गुंडाळत पुरी केली.
खुर्ची लिहायचंस, म्हणाली.
आणि अर्नीला पुढं बसव,
त्याचे गुडघे धरलेत.